दोषाचं नाव घेतलं म्हणजे उत्तर झालं नाही

वह्या टेबलावर ठेवल्या आहेत. उचलायच्या आधी मी काय म्हणते ते ऐकून घ्या. मध्ये बोलू नका, मार्क किती ते विचारू नका. मार्क दिलेलेच नाहीत.

निबंधाचा विषय तुम्हाला परका नव्हता: जिल्ह्यात दारूबंदी असावी का? वर्धा जिल्ह्यात बंदी आहे. गडचिरोलीत 1993 पासून आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. म्हणजे आपल्याच राज्यातली, कालपरवाची गोष्ट. तिच्यासाठी बायका मोर्चे घेऊन निघाल्या, सरकारनं समित्या नेमल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आणि तत्त्वज्ञान हा विषय घेऊन दुसऱ्या वर्षाला आलेल्या, सत्यता-कोष्टकाच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्या मुलामुलींनी काय लिहिलं? पहिल्या पानावर युक्तिवादाची व्याख्या. दुसऱ्या पानावर तत्त्वज्ञानाच्या शाखा, एकीखाली एक. तिसऱ्या पानावर विरुद्ध बाजूचे तर्कदोष, लॅटिन नावांसकट, लाल शाईनं अधोरेखित केलेले. आणि चौथ्या पानावर, जिथे तुमचा स्वतःचा युक्तिवाद यायला हवा होता तिथे, ‘दारू ही समाजाला लागलेली कीड आहे.’

हे विधान आहे, आणि ते एकटं उभं आहे. त्याला आधार कुठे आहे? युक्तिवाद म्हणजे एक विधान इतर विधानांच्या आधारावर उभं करणं. ज्यांवर उभं करायचं ती आधारविधानं, जे उभं राहतं तो निष्कर्ष. ही व्याख्या तुम्ही मला झोपेतसुद्धा म्हणून दाखवाल. मग ‘दारू घातक आहे, कारण ती माणसाचा घात करते, म्हणून ती विनाशकारी आहे’ हे वाक्य वहीत आलं कसं? ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द मध्ये घातल्यानं एकाच गोष्टीच्या तीन गोष्टी होत नाहीत. जे सिद्ध करायचं तेच हेतू म्हणून पुढे करणं याला गौतमाच्या न्यायसूत्रांत साध्यसम म्हटलं आहे: जो हेतू साध्याइतकाच स्वतः सिद्धीची वाट पाहत उभा आहे, तो हेतू नव्हेच. मागच्या सहामाहीत तुम्ही यावर टीप लिहिली होती. टीप लिहिणाऱ्यांनीच आता तो दोष केला आहे.

आणखी एक. ‘हे विधान युक्त आहे’, ‘हा युक्तिवाद सत्य आहे’ असं किती जणांनी लिहिलंय! विधान सत्य किंवा असत्य असतं. अनुमान युक्त किंवा अयुक्त असतं. सगळे मासे उडतात; देवमासा मासा आहे; म्हणून देवमासा उडतो. दोन्ही आधारविधानं खोटी आहेत, निष्कर्षही खोटा आहे, आणि तरी अनुमान युक्त आहे, कारण ती आधारविधानं खरी असती तर निष्कर्ष खोटा असूच शकला नसता. उलट, सगळी विधानं खरी असूनही अनुमान पार ढासळलेलं असू शकतं. हा फरक बारीकसारीक नाही. हा कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, कारण समोरच्याशी आपलं भांडण वस्तुस्थितीवर आहे की त्याच्या अनुमानावर आहे हेच तुम्हाला ठरवता येणार नाही. तो आकडे देत राहील, तुम्ही दोष काढत राहाल, आणि दोघंही घसा बसवून घरी जाल.

आता एक वही उघडते. नाव घेणार नाही. ज्याची आहे त्यानं मान खाली घालायची गरज नाही आणि बाकीच्यांनी हसायची तर मुळीच नाही, कारण अर्ध्या वर्गानं हेच लिहिलं आहे. फळ्यावर लिहिते:

‘चंद्रपुरात बंदी असताना अवैध दारूचे गुन्हे वाढले. म्हणून दारूबंदी अपयशी ठरली. म्हणून ती चुकीची होती.’

पहिलं विधान खरं आहे असं घटकाभर धरून चालू. दुसऱ्यावर उडी कशाच्या जोरावर मारली? मनात एक वाक्य होतं, ते कागदावर आलं नाही: बंदी अपयशी ठरली तर गुन्हे वाढतात. बरं. मग गुन्हे वाढले. म्हणून बंदी अपयशी ठरली. ‘तर’च्या आधीचं ते पूर्वांग, नंतरचं ते उत्तरांग, हे तुम्हाला येतं. उत्तरांग खरं आहे एवढ्यावरून पूर्वांग खरं ठरत नाही. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला, हे पुस्तकातलं उदाहरण दिलं की तुम्ही सगळे एका सुरात ‘अयुक्त!’ म्हणता. पावसाच्या जागी दारू आली आणि तुम्हाला तो साचा ओळखू आला नाही.

गुन्हे आणखी कशानं वाढतील, याचा विचार तरी करायचा. धाडी जास्त पडल्या तर नोंदी जास्त होतील. त्याहून मूळची गोष्ट: बंदीच्या आदल्या दिवशी परवान्याच्या दुकानातून जी बाटली कायद्यानं विकली जात होती, ती दुसऱ्या दिवशी विकणं गुन्हा झालं. विक्री तेवढीच राहिली, अगदी निम्म्यावर आली, तरी गुन्ह्यांचा आकडा वाढणारच, कारण मोजायची व्याख्याच बदलली. दहा ओळींच्या परिच्छेदात हे एक वाक्य मला कुणी लिहून दाखवलं असतं, तर मी बाकीच्या सगळ्या चुका पोटात घातल्या असत्या.

आणि ‘अपयशी’ म्हणजे कशात अपयशी? पिणारे कमी व्हावेत हा हेतू होता, की घरातली मारहाण थांबावी, की मजुरीचे पैसे घरी यावेत? हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं निरनिराळी येऊ शकतात.

मग तिसरं वाक्य. अपयशी, म्हणून चुकीची. इथेही एक आधारविधान तुम्ही गिळलं आहे: जो कायदा सगळे पाळत नाहीत तो कायदाच चुकीचा. हे तुम्हाला मान्य आहे का? हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे. हुंडा आजही घेतला जातो, हे या वर्गात कुणाला सांगायला नको. मग तो कायदा रद्द करायचा? तुमच्यातला एकही हात वर येणार नाही. मग हे आधारविधान तुम्ही स्वतःच मानत नाही. जे स्वतः मानत नाही त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढता आणि ते कागदावर लिहीत नाही म्हणून तुम्हालाच ते दिसत नाही. दडलेलं आधारविधान बाहेर काढून लिहा, असं मी पहिल्या दिवसापासून ओरडते आहे, ते एवढ्यासाठी.

बंदीच्या बाजूनं लिहिलेल्यांनी खूश होऊ नये. तुमचा युक्तिवाद असा: दारू पिणारे बायकामुलांना मारतात; म्हणून दारू बंद केली की मारहाण बंद होईल. न्यायशास्त्रातलं डोंगरावरच्या धुराचं उदाहरण तुम्हाला पाठ आहे. धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, पाचही अवयव घडाघडा म्हणता. पण नैयायिकांनी त्याच्या पुढे काय विचारलं ते लक्षात ठेवलं नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हेही बरोबर का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये ही जी अट लपलेली असते तिला ते उपाधी म्हणतात, आणि उपाधी सापडली की व्याप्ती, म्हणजे दोघांमधला अटळ संबंध, गेली, व्याप्ती गेली की अनुमान गेलं.

आता तुमचं विधान घ्या. पिणारा प्रत्येक माणूस मारत नाही. न पिणारे मारतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. काहींना फार जवळून ठाऊक असेल. मग मधलं ओलं इंधन कोणतं? नवऱ्यानं बायकोला मारलं तर चालतं, ही समजूत? पोलीस पाटलानं काणाडोळा करणं? हातात पैसा नसणं? दारूचा आणि मारहाणीचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. संबंध आहे, आणि तो भीषण आहे असं माझंही मत आहे. पण तो कसा आहे, कोणत्या अटीवर आहे, हे दाखवायचं काम तुमचं होतं. ते काम तुम्ही ‘सर्वांना माहीत आहे’ या तीन शब्दांत उरकलंत. ज्या बाईच्या नावानं तुम्ही कळवळून लिहिता, तिचं भलं खरोखर कशानं होईल हे शोधायचं असेल तर हा आळस तुम्हाला परवडत नाही. कारण उद्या बंदी आली, मारहाण चालूच राहिली, तर तुमच्यापाशी बोलायला काही उरणार नाही.

आता त्या शाखा. सत्तामीमांसा, ज्ञानमीमांसा, नीतिमीमांसा, सौंदर्यमीमांसा, तर्कशास्त्र. यादी सगळ्यांची बरोबर आहे. आणि यादी झाल्यावर पुढच्या पानापासून एकाही शाखेचा वापर नाही. या शाखा कशाला शिकवल्या? समोर आलेला प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हे आधी ठरवायला. कारण प्रश्नाच्या जातीवर ठरतं की त्याचं उत्तर कशानं द्यायचं.

बंदीनंतर पिणं कमी झालं का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे; तो खुर्चीत बसून सुटत नाही, मोजावं लागतं. पण चोरून विकल्या जाणाऱ्या दारूचा आकडा आपल्याला कळतो कसा, कोण सांगतं, सांगणाऱ्याला कसं कळलं, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न आहे, आणि तो सोडवल्याशिवाय पहिल्याला हात घालता येत नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं नैयायिकांनी मानली. चार्वाकांनी अनुमानसुद्धा नाकारलं. हा वाद परीक्षेपुरता नाही. ‘माझ्या मामानं पाहिलंय’ आणि ‘सरकारी अहवालात आहे’ यांतलं कोणतं जास्त धरायचं आणि का, हे ठरवताना तुम्ही त्याच वादात उभे असता.

दारूच्या पुरत्या आहारी गेलेला माणूस सकाळी गुत्त्याकडे जातो, तेव्हा ती त्याची इच्छा असते का? त्याला स्वतंत्र कर्ता म्हणायचं का? हा संकल्पस्वातंत्र्याचा प्रश्न, म्हणजे सत्तामीमांसेच्या पोटातला. हा कुणाच्याही वहीत नाही. एकाच्याही नाही! आणि माझ्या मते साऱ्या विषयाची मेख तिथेच आहे.

आणि सज्ञान माणसाला त्याच्या स्वतःच्या नुकसानीपासून वाचवण्यासाठी सरकारनं त्याचा हात धरावा का, हा नीतीचा आणि राजकीय तत्त्वज्ञानाचा प्रश्न. इथे तुम्ही सर्रास एक गफलत केली आहे. आधी पाचसहा वाक्यं ‘आहे’ची: दारूनं यकृत खराब होतं, अपघात होतात, कर्ज होतं. आणि लगेच सातवं वाक्य: म्हणून बंदी असावी. डेव्हिड ह्यूमनं 1739-40 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही उडी दाखवून दिली होती. ‘आहे’ची कितीही विधानं रचली तरी त्यांतून ‘असावं’ आपोआप निघत नाही. मध्ये मूल्याचं एखादं विधान ठेवावं लागतं. ते ठेवा. उघडपणे ठेवा. ‘ज्या गोष्टीनं बहुतेकांचं नुकसान होतं ती सरकारनं सर्वांसाठी बंद करावी’ असं लिहा आणि मग तंबाखूचं काय, कर्ज काढून केलेल्या लग्नांचं काय, याचं उत्तर द्यायला तयार राहा.

काही जणांनी इथे संविधान आणलं आहे. अनुच्छेद 47 मध्ये राज्यानं मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करावा असं म्हटलं आहे, म्हणून बंदी योग्य. अनुच्छेद बरोबर दिलात, त्याबद्दल बरं वाटलं. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, हे लिहायचं विसरलात. आणि राज्याला तसा निर्देश आहे यावरून तो निर्देश योग्य का आहे ते कळत नाही. तेच तर विचारलं होतं.

आता सर्वांत जास्त जे खटकलं त्याकडे येते.

तर्कदोषांचं प्रकरण शिकवल्यापासून या वर्गाची बोलण्याची पद्धत बिघडली आहे. कुणी काही म्हटलं की दुसरा त्यावर दोषाचं नाव फेकतो आणि जिंकल्यासारखा बसतो. वह्यांतही तेच. एकीनं लिहिलंय: ‘गावातल्या निम्म्याहून अधिक महिलांनी मतदान करून दुकान बंद केलं, म्हणून ते बंद होणं योग्य, हा युक्तिवाद लोकमताला शरण जातो. अ‍ॅड पॉप्युलम.’ पुढे पूर्णविराम, आणि विषय संपला.

कुठे संपला? पृथ्वी सपाट आहे की गोल, हे मतदानानं ठरवायला निघालात तर तो दोष आहे, कारण बहुसंख्यांच्या मानण्यानं पृथ्वीचा आकार बदलत नाही. दारू यकृताला घातक आहे का, हेही मतदानानं ठरत नाही. पण गावात दुकान असावं की नसावं, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न असेल तर गावकऱ्यांचं मत हाच सरळ मुद्दा आहे. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूनं, पडलेली मतं दारूचे गुणदोष सिद्ध करायला मांडलेलीच नव्हती. ती ‘आमच्या गावात काय चालावं हे आम्ही ठरवू’ याचा पुरावा म्हणून मांडली होती. यावर आक्षेप घेता येतो: बहुमताला अल्पमताच्या खाण्यापिण्यावर कितपत हुकूम चालवता येतो? तो आक्षेप घ्यायला हवा होता. तो खरा आक्षेप आहे, वजनाचा आहे. तो न घेता लॅटिन नाव चिकटवलंत.

दुसरं नाव, तुमचं लाडकं, अ‍ॅड हॉमिनेम. माणसावर घसरणं. ‘हा अहवाल मद्यविक्रेत्यांनी पैसे देऊन तयार करून घेतला असेल तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ अशी शंका बंदीच्या बाजूचे लोक घेतात, असं एकानं लिहिलं आणि पुढे शेरा मारला, ‘व्यक्तिगत हल्ला, म्हणून बाद’. अहो, जेव्हा एखाद्याचा युक्तिवाद समोर पूर्ण मांडलेला असतो, तेव्हा तो कोण आहे हे गैरलागू. चोरानं मांडलेला गणिताचा ताळा बरोबर असेल तर बरोबरच. पण जेव्हा एखाद्याच्या शब्दावर विसंबून आपण काही मानणार असतो, तेव्हा तो कोण, त्याला माहिती कुठून मिळाली, खोटं बोलण्यात त्याचा काही लाभ आहे का, हे विचारलंच पाहिजे. शब्द हे प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे त्याला ती गोष्ट नीट कळलेली असेल आणि ती आहे तशी सांगायची त्याची इच्छा असेल तेव्हा. आप्ताची व्याख्या तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिली आहे, बंधूंनो आणि भगिनींनो, आणि तिसऱ्या पानावर तीच विसरलात.

गौतमानं वादात पराभव कशाकशानं होतो त्याची 22 निग्रहस्थानं सांगितली. त्यांतल्या एकाचं नाव निरनुयोज्यानुयोग. उच्चार अवघड आहे, अर्थ सरळ आहे: समोरच्याच्या बोलण्यात दोष नसताना दोष आहे असा आरोप करणं. असा आरोप करणारा तिथेच हरला. प्रतिपक्षाचा दोष दाखवता न येणं हा जसा पराभव, तसाच नसलेला दोष दाखवणं हाही पराभव. या नियमानं तुमच्यातले बहुतेक जण तिसऱ्या पानावरच हरलेले आहात, लाल शाईनं.

त्याच यादीत अननुभाषण आहे. प्रतिपक्षानं आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, तरी ज्याला ते पुन्हा मांडून दाखवता येत नाही, तो हरला. म्हणजे खंडनाआधी अनुवाद. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची रीतच अशी की आधी पूर्वपक्ष, आणि तो असा जोरकस मांडलेला की नवख्या वाचकाला लेखकाचं मत तेच वाटावं. मग सिद्धान्त. तुमच्या वह्यांत पूर्वपक्ष कसा आहे? ‘काही स्वार्थी लोक बंदीला विरोध करतात.’ दुसऱ्या बाजूला ‘काही प्रतिगामी लोक बंदीची मागणी करतात.’ हा पूर्वपक्ष? ही तर शिवी आहे, आणि शिवीला उत्तर देऊन कोणी काही सिद्ध करत नाही.

ज्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचं नाव घेतलं त्यांचं सांगते. ‘ऑन लिबर्टी’ 1859 सालचं. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर सज्ञान माणसाच्या आड येऊ नये, हे तत्त्व तुम्ही बरोबर दिलंत. त्या पुस्तकात मिलनं त्याच्या काळातल्या अमेरिकेतल्या दारूबंदीचाच विचार केला आहे आणि तिला विरोध केला आहे. ते एकानंही वाचलेलं दिसत नाही. आणि त्याच पुस्तकात तो असंही म्हणतो की माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकायचं स्वातंत्र्य नाही, कारण त्यानं स्वातंत्र्यच संपतं. बंदीच्या बाजूच्या हुशार माणसाच्या हातात हे केवढं हत्यार आहे! तो म्हणेल, व्यसन म्हणजे हप्त्याहप्त्यानं स्वतःला विकणंच आहे. मग मिलच्याच तत्त्वानं ते अडवता येईल. तुम्ही मिलच्या बाजूचे असाल तर या आक्षेपाला तुम्हीच आवाज द्यायचा, तुम्हीच तो धारदार करायचा, आणि मग उत्तर शोधायचं. उत्तर सापडलं नाही तर मत बदलायचं. त्यात कमीपणा काय आहे?

वाद, जल्प आणि वितंडा यांतला फरक तुम्ही पाच मार्कांसाठी लिहिता. तत्त्व कळावं म्हणून दोघांनी प्रमाणांच्या आधारे केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी, छल आणि जाती म्हणजे शब्दांची फिरवाफिरव आणि फसवी उत्तरं वापरून केलेला तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता फक्त दुसऱ्याचा फोडायचा ती वितंडा. तुमच्या निबंधांचा बराचसा भाग वितंडेत मोडतो, कारण तुम्ही स्वतः काय मानता ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. सांगितलं की पकडले जाऊ, ही भीती. पण पकडलं जावं म्हणूनच आधारविधानं लिहून काढायची असतात. माझं म्हणणं नेमकं कुठे मोडेल ती जागा समोरच्याला दाखवणं, यालाच युक्तिवाद करणं म्हणतात.

वाद आता कुठे होतो, असं म्हणू नका. 1983 साली पुण्यात एक बैठक झाली. एका बाजूला संस्कृतात शिकलेले न्याय-मीमांसेचे पंडित, दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुरलेले प्राध्यापक, मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी त्यात पुढाकार घेतला होता. चर्चेला रसेलची ‘प्रपोझिशन’ ही कल्पना. पंडितांना रसेल परका, प्राध्यापकांना नव्यन्यायाची भाषा अवघड. दोघांनी आधी एकमेकांचा प्रश्न समजून घ्यायची मेहनत घेतली. ‘संवाद’ या नावानं ती चर्चा पुढे ग्रंथरूपानं आली. आयुष्यभर एका शास्त्रात घालवलेली वयस्क माणसं दुसऱ्याचं म्हणणं विद्यार्थ्यासारखी ऐकत होती, आणि तुम्हाला शेजारच्या बाकावरच्या मुलीचं वाक्य पूर्ण होईपर्यंत दम धरवत नाही.

शेवटचं. आठदहा वह्यांचा शेवट असा आहे: ‘अखेर हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न आहे.’ हे मला चालणार नाही. चहात साखर किती, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न. एका जिल्ह्यातल्या लाखो लोकांवर कायदा लादायचा की नाही, हा तसा प्रश्न नाही. इथे एक मत दुसऱ्यापेक्षा जास्त आधाराचं असतं आणि ते कोणतं हे शोधता येतं. ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ असं म्हणणाऱ्यानं एवढं सांगावं, हे वाक्य सगळ्यांसाठी सत्य आहे की फक्त त्याच्यासाठी? चर्चा आपल्या अंगावर येते आहे असं दिसलं की कामाचं निमित्त काढून उठणं हेसुद्धा निग्रहस्थान आहे, विक्षेप. तुमचं ‘ज्याचं त्याचं मत’ मला तसंच वाटलं. औदार्य म्हणून तुम्ही ते लिहिलंत, पण ते पळणं आहे.

तुमच्यात बुद्धी नाही म्हणून मी बोलत नाही. ती नसती तर एवढा वेळ घालवला नसता. उद्या तुम्ही ग्रामसभेत बसाल, कुणी वकील व्हाल, कुणी शिक्षक, कुणी बातम्या लिहाल, आणि तुमच्या ‘म्हणून’वर विसंबून दुसरी माणसं निर्णय घेतील. तुमच्या हातचा ‘म्हणून’ पोकळ निघाला तर त्याचे चटके त्यांना बसतील.

तेव्हा निबंध पुन्हा लिहायचा. पहिल्या पानावर विरुद्ध बाजूचा युक्तिवाद, तुम्हाला जमेल तितका भक्कम. तो त्या बाजूच्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला वाचून दाखवायचा. ‘हो, मला हेच म्हणायचं आहे’ असं त्यानं म्हटल्यावर खाली त्याची सही घ्यायची. दुसऱ्या पानावर तुमचा युक्तिवाद, आधारविधानांना क्रमांक देऊन, दडलेली बाहेर काढून. प्रत्येकासमोर लिहायचं: हे ‘आहे’चं विधान की ‘असावं’चं, आणि ते कोणत्या प्रमाणावर मानलंत. ज्याला प्रमाण सापडणार नाही त्यासमोर ‘मला माहीत नाही’ असं लिहा, त्याचे मार्क मी कापणार नाही. दोषाचं एकही नाव नको, लॅटिन नको, संस्कृतही नको. जिथे दोष दिसेल तिथे तो साध्या मराठीत दाखवा. सोमवारी पहिल्या तासाला माझ्या हातात द्या. त्यानंतर आलेलं मी वाचणार नाही.